पिठोऱ्याची कथा, पदवीचा वर्ग आणि फळ्यावरचे तात्पर्य

प्रश्न : राजमहालरोड

नमस्कार. मी बडोद्यातील एका महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर जे मूल्यवर्धन अभ्यासक्रम आले, त्यांपैकी दोन क्रेडिटांचा, म्हणजे तीस तासांचा एक अभ्यासक्रम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत 'चारित्र्यघडण' हा शब्द आहे. ती कशी घडवायची, हे अर्थातच शिक्षकावर सोडलेले आहे. माझ्या वर्गात साठ विद्यार्थी असून त्यांतील दहाबारा जण छोटा उदेपूर, कवांट, नसवाडी या भागांतून आलेले राठवा आणि भिल्ल आदिवासी आहेत. तेव्हा पंचतंत्र आणि इसाप यांच्याऐवजी आपल्याच जिल्ह्याशेजारची मौखिक परंपरा वर्गात आणावी, असे मी ठरवले.

मागील वर्षी मी राठव्यांचा देव बाबा पिठोरा याची कथा घेतली. वाचून तयारी केली, वीस मिनिटांत कथा सांगितली, फळ्यावर 'तात्पर्य : सत्य कधी लपत नाही' असे लिहिले आणि त्यावर पाच गुणांची चाचणी घेतली. तास संपल्यावर एक राठवा विद्यार्थिनी थांबली. तिचे काका बडवा, म्हणजे राठव्यांचे विधी करणारे पुजारी, आहेत, हे मला तोवर माहीत नव्हते. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ही गोष्ट अशी सांगत नाहीत." कशी सांगतात, असे मी विचारले, तर ती थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सांगतच नाहीत. भिंतीसमोर गातात. रात्रभर." मी डस्टर उचलून तात्पर्य पुसले. त्या वेळी दुसरे काही सुचले नाही.

या वर्षी तो अभ्यासक्रम पुन्हा माझ्याकडे आला आहे. अशा कथा विद्यापीठाच्या वर्गात आणणे योग्य आहे का, आणल्या तर त्या कोणी सांगाव्यात, आणि चारित्र्य घडले की नाही याला गुण कसे द्यावेत, याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : पाणीगेटचे निवृत्त मास्तर

ताई, आपण तात्पर्य पुसले हे उत्तम केले. मी सदतीस वर्षे साहित्य शिकवले आणि त्यांतील निदान वीस वर्षे फळ्यावर तात्पर्ये लिहिली, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

आपल्या मराठी माणसाची अडचण अशी आहे की कथेतून उपदेश काढण्याची रीत आपल्याला कीर्तनाने लावली आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याच्या पुष्टीसाठी आख्यान येते. म्हणजे सिद्धान्त आधी, गोष्ट नंतर. ही पद्धत वाईट नाही, मी स्वतः तिच्यातच वाढलो. याच बडोद्यात सतराव्या शतकात प्रेमानंद होऊन गेला. त्याच्या परंपरेतील माणभट्ट बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या घागरीवर ताल धरत आणि नळाचे किंवा सुदाम्याचे आख्यान लावत, तेव्हा श्रोता उपदेशाची वाट न पाहता त्या माणसांबरोबर रडत आणि हसत असे. पण पिठोऱ्याची कथा या दोन्हींहून वेगळी आहे, आणि तिला कीर्तनाच्या साच्यात घातले की ती मोडते.

कथेचा सांगाडाच पाहा. इंद राजाच्या बहिणींपैकी काळी कोयल हिला लग्नाआधी मूल होते. ती भयाने ते ओढ्यात सोडून देते. पाण्याला आलेली तिची बहीण राणी काजल ते उचलते आणि वाढवते. मुलगा मोठा झाल्यावर मामाच्या दरबारात जातो आणि आपले आईबाप कोण, हा प्रश्न भर सभेत उभा राहतो. बाप तिथेच बसलेला असतो. पुढे त्या मुलाचे पिठोरीशी लग्न लागते, आणि राठव्यांच्या घरांत भिंतीवर जे घोडे रंगवलेले दिसतात ते त्या लग्नाच्या वरातीचे असतात. आता यातून चारित्र्याचा कोणता धडा काढणार? आपल्या मध्यमवर्गीय नीतिकथेत काळी कोयल हिला शिक्षा झाली असती किंवा तिने निदान पश्चात्ताप तरी केला असता. इथे ज्याला पाण्यात सोडले त्याचीच देव म्हणून भिंतीवर स्थापना होते आणि सारे देव त्याच्या वरातीत येतात. अशी कथा विद्यार्थ्यासमोर ठेवावी आणि आपण गप्प बसावे. तिच्यातील अस्वस्थता आपले काम करते.

साबरकांठ्यातील खेडब्रह्मा भागात डुंगरी भिल्ल जे भारथ, म्हणजे त्यांचे महाभारत, गातात आणि जे भगवानदास पटेल यांनी परिश्रमपूर्वक संकलित केले, त्यात वासुकी नाग अर्जुनाला मिशीच्या एका केसाने बांधून टांगून ठेवतो. गांडीवधारी अर्जुन! विद्यार्थ्यांना हे एकदा ऐकवा आणि त्यांचे चेहरे पाहा.

उपदेश न करता कथा माणसाला कशी घडवते, याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्याकडचे नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सिबेक्यू येथे पश्चिम अपाची लोक राहतात, आणि त्यांच्यात अनेक वर्षे वावरलेले मानववंशशास्त्रज्ञ कीथ बासो यांनी ते नोंदवून ठेवले आहे. एक तरुण मुलगी समाजाच्या एका विधीला केसांत कर्लर अडकवून आली, जिथे बायकांनी केस मोकळे सोडायचे असतात. कोणी काही बोलले नाही. काही दिवसांनी घरात पुष्कळ माणसे जमलेली असताना तिच्या आजीने, तिच्याकडे न पाहता, एका विशिष्ट जागी घडलेली जुनी गोष्ट सांगितली. मुलगी उठून निघून गेली. पुढे बासो यांच्याबरोबर त्या जागेवरून जात असताना तिने सांगितले की ती जागा रोज तिच्या मागावर असते. कथा ही बाणासारखी मारायची असते, असे ते लोक म्हणतात. नेम धरायचा, पण नाव घ्यायचे नाही. आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे' म्हणतात, त्याच्या जवळचे हे आहे, फक्त त्यात टोमणा नाही.

उत्तर : ओसरी

मास्तरांशी मी सहमत आहे, परंतु वर्गात काय करायचे हा ताईंचा प्रश्न त्यातून पूर्ण सुटत नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. छोटा उदेपूर भागातील गावांत काही वर्षे भाषा-नोंदणीचे काम केले आहे, तेवढ्या बळावर लिहिते.

पिठोरा ही राठव्यांची मानता, म्हणजे नवस, असते. घरात आजारपण आले, गुरे दगावली, पीक गेले की घरधनी बाबा पिठोऱ्याला बोलतो, आणि ऐपत झाली की ते फेडतो. ओसरीच्या भिंती शेणाने सारवून त्यांवर पांढऱ्या मातीचा हात फिरवला जातो, आणि हे काम कुमारिकांचे असते. रंगात दूध आणि मोहाची दारू कालवतात. चित्र काढणाऱ्यांना लखारा म्हणतात आणि ते पुरुष असतात. बाजूला गायन चालू असते. आता जी गोष्ट मी सांगणार आहे ती ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाशी संबंधित आहे. चित्र संपले म्हणजे काम संपत नाही. बडव्याच्या अंगात येते आणि तो भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती नावाने ओळखतो: हा अमक्याचा घोडा, ही तमकी, हा सूर्य, हा चंद्र. काही राहिले असेल तर तो ते दाखवतो आणि लखाऱ्यांना ते तिथल्या तिथे काढावे लागते. मी पाहिलेल्या एका घरात कोपऱ्यात एक लहानशी आकृती राहून गेली होती. पहाट होत आली होती, सगळे पेंगुळले होते आणि ती नसती तरी कोणाला कळले नसते, असे मला वाटले. पण वयाने सर्वांत मोठा लखारा काही न बोलता उठला, वाटीत उरलेला रंग काडीने ढवळला आणि ती आकृती काढून परत येऊन बसला. घरधनी तोवर हात जोडून उभा होता.

ताई, मूल्यमापन याहून निराळे काय असते? तिथे कोणालाही चांगला माणूस म्हणून गुण मिळत नाहीत. जे सोपवले ते पुरे आणि बरोबर झाले की नाही, हे सर्वांसमोर तपासले जाते, आणि चूक निघाली तर ती दुरुस्त करायला जागा असते. तुम्हाला गुण द्यायचेच असतील तर चारित्र्याला देऊ नका. विद्यार्थ्याला एक कथा सोपवा, ती त्याने आपल्या घरातील किंवा गावातील कोणा वडीलधाऱ्या माणसाकडून, त्यांची परवानगी घेऊन, ऐकून आणावी, वर्गात सांगावी, आणि ज्यांच्याकडून ती घेतली त्यांना पुन्हा ऐकवून काय सुटले ते लिहून आणावे. या शेवटच्या फेरीला निम्मे गुण ठेवा. आजीकडे परत जाऊन 'मी हे असे सांगितले, बरोबर का?' असे विचारताना मुलांना जो घाम फुटतो तो लेखी परीक्षेत फुटत नाही.

आणि वर्गात हुंकार देणारा नेमा. गुजरातीत होंकारो म्हणतात, आपल्याकडेही आजी गोष्ट सांगताना 'हं म्हण' असे बजावत असे. सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणणे हे सोपे काम वाटते, पण त्यासाठी माणसाला खरोखर ऐकावे लागते, कारण हुंकार चुकीच्या जागी पडला की सांगणारा थबकतो. मी हा प्रयोग महाविद्यालयीन मुलांच्या एका शिबिरात केला. वर्गात सर्वांत बोलका असलेला मुलगा हुंकार द्यायला बसला आणि दहा मिनिटांत त्याने तीनदा मध्येच प्रश्न विचारला. चौथ्या वेळी तो स्वतःच हसला आणि गप्प बसला. मग सुमारे अर्धा तास त्याने नुसता हुंकार दिला. हे मला कोणत्याही व्यक्तिमत्त्व-विकासाच्या व्याख्यानापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

परवानगीबद्दल एकच गोष्ट ठळकपणे सांगते. काही कथा वर्गात आणण्यासाठी नसतातच. पिठोऱ्याचे विधीतील गायन हे त्यांपैकी आहे, असे माझे मत आहे. कथेचा आशय सांगता येईल, पण गायन वर्गात 'सादर' करायला लावू नये. कोणती कथा कोणत्या ऋतूत, कोणासमोर सांगायची, हे ज्यांची कथा आहे त्यांनाच विचारावे लागते. कॅनडातील स्टोलो समाजाच्या विदुषी जो-ॲन आर्चिबाल्ड यांनी कथा शिकवण्याविषयी जी सात तत्त्वे मांडली त्यांत आदर, जबाबदारी आणि देवाणघेवाण ही आरंभीच येतात. देवाणघेवाण म्हणजे घेतले तर परत काही द्यायचे. सांगणाऱ्याला बोलवाल तर जाण्यायेण्याचे भाडे, जेवण आणि मानधन द्या, आणि तेही व्याख्यात्याला देता तेवढेच द्या. शाल-श्रीफळावर भागवू नका.

बडोद्याला या बाबतीत सबब सांगता येणार नाही. गणेश देवी यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठातील इंग्रजीचे अध्यापन सोडून १९९६ मध्ये याच शहरात 'भाषा' ही संस्था उभी केली आणि पुढे छोटा उदेपूरजवळ तेजगडला आदिवासी अकादमी झाली. पिठोरा काढणाऱ्या परेश राठवा यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून शहरातल्या दिवाणखान्यांतही पिठोऱ्याचे घोडे दिसू लागले आहेत. गायन मात्र कोणी विचारत नाही, कारण ते भिंतीवर टांगता येत नाही.

उत्तर : खतावणी

मी वाणिज्य शाखेचा शिक्षक आहे आणि इथे थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल राग नसावा.

वरच्या दोन्ही उत्तरांत एक गृहीत आहे की मौखिक कथा ऐकल्याने माणूस चांगला घडतो. ज्या समाजांत या कथा पिढ्यान्पिढ्या गायिल्या जातात तिथेही व्यसने आहेत, भांडणे आहेत, डाकीण ठरवून बाईला छळण्याचे प्रकार आहेत. आपल्या समाजात रामायण रोज वाचले जाते आणि आपले काय होते, ते सांगायला नको. शिवाय एका बाजूला बडव्याच्या अंगात येणे हे मूल्यमापनाचे आदर्श रूप म्हणून सांगायचे आणि दुसऱ्या बाजूला वैज्ञानिक दृष्टिकोनाचा पाठ द्यायचा, हे विद्यार्थ्याला कसे समजावणार?

माझी खरी काळजी वेगळी आहे. साठ जणांच्या वर्गात जे दहाबारा आदिवासी विद्यार्थी आहेत, त्यांना या निमित्ताने पुन्हा एकदा 'आदिवासी' म्हणून उभे केले जाईल. ते इथे लेखाशास्त्र किंवा संगणक शिकायला आले आहेत, आपल्या चारित्र्यासाठी कथा पुरवायला नाही.

उत्तर : आहवेकर

खतावणी सरांच्या शेवटच्या परिच्छेदावर लिहावेसे वाटले, कारण त्या दहाबारांपैकी एक मी होतो. मी डांगचा, कुंकणा आदिवासी. आमची बोली मराठीला इतकी जवळ आहे की बडोद्यात आल्यावर वसतिगृहातील मुले मला 'मराठीभाई' म्हणत आणि मीही ते चालवून घेई, कारण त्यामुळे पुढचे प्रश्न टळत. तिसऱ्या वर्षी एका तासाला अध्यापकांनी अचानक मला उभे करून सांगितले, "तू डांगचा ना? मग तुमच्याकडची एखादी लोककथा सांग." त्यांचा हेतू चांगलाच होता. मला एकही कथा आठवली नाही. बसलो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी तोंडाने ढोल वाजवला. कथा मला येत होत्या, पण त्या अशा उभ्याने, दुपारी बारा वाजता, ट्यूबलाइटखाली येत नव्हत्या.

आमच्याकडे थाळीवर कथा लावतात. काशाच्या थाळीत मेण लावून त्यावर एक बारीक काडी उभी करतात आणि कथेकरी ती काडी दोन्ही हातांच्या बोटांनी वरून खाली ओढत राहतो. त्यातून भुंग्यासारखा एकच लांब सूर निघतो आणि त्या सुरावर कथा चालते. लहानपणी आम्ही तो सूर ऐकत झोपत असू आणि मध्येच जाग आली तर कथा पुढच्या गावाला पोहोचलेली असे. कणसरीची कथा, म्हणजे धान्यदेवीची, मी बहुधा कधीच सलग ऐकलेली नाही; तुकड्या-तुकड्यांनी, वेगवेगळ्या वर्षी ऐकून ती माझ्या मनात पुरी झाली आहे. आमच्या घरी खळ्यात कोणी पायताण घालून जात नाही आणि कणसरीची आण घेतल्यावर खोटे बोलत नाही. माझे वडील एकदा जमिनीच्या वादात साक्षीला गेले, तेव्हा आतील शपथेपेक्षा बाहेर वडाखाली हातात नागलीचे दाणे घेऊन घेतलेल्या आणेने त्यांचा आवाज अधिक कापला होता. तेव्हा सर, कथेने माणूस चांगला होतोच असे मीही म्हणणार नाही. पण ज्या माणसाला कथा लागू असते त्याला खोटे बोलताना अडखळायला होते, एवढे मी पाहिले आहे.

डाकिणीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे आणि ते झाकू नये. तोही प्रश्न वर्गात यावा, मात्र आमच्या मुलांनी तो आधी आपसांत बोलून मग आणावा.

ताईंना एवढीच विनंती, की कोणालाही अचानक उभे करू नका. पहिल्या पाच-सहा तासांत शहरातील मुलांना त्यांच्या घरच्या कथा आणू द्या. बडोद्यातील मराठी, गुजराती, सिंधी घरांत आज्यांच्या कथा आहेतच की. दांडिया बाजारातील मुलगी मंगळागौरीची कहाणी अडखळत सांगेल, कोणाची आजी फाळणीत सोडलेल्या घराविषयी सांगत असेल. सगळेच चाचपडत आहेत हे दिसले की मग आमच्यातला कोणीतरी आपण होऊन बोलेल. नाही बोलला तरी चालेल.

उत्तर : पाणीगेटचे निवृत्त मास्तर

आहवेकर, आपले उत्तर दोनदा वाचले. सयाजीराव महाराजांनी सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढल्या, हे आम्ही बडोदेकर अभिमानाने सांगतो, आणि सांगावेही. पण त्या मुलांनी येताना बरोबर काय आणले होते, हे शाळेने विचारल्याचे मला कधी वाचल्याचे आठवत नाही. मीही सदतीस वर्षांत कोणाला विचारले नाही.

राजमहालरोड

सर्वांचे मनापासून आभार. खतावणी सरांचे विशेष, कारण त्यांची शंका माझ्याही मनात होती आणि मी ती लिहायचे टाळले होते.

या वर्षापुरते असे ठरवले आहे. पिठोरा मी सांगणार नाही. पहिले सहा तास घरच्या कथांचे, त्यात मी स्वतः माझ्या आजीकडून ऐकलेली कथा सांगेन आणि माझ्या आईला ऐकवून काय सुटले ते वर्गात वाचून दाखवेन. हुंकार देणारा रोज वेगळा. गुण 'ओसरी' यांनी सुचवल्याप्रमाणे परत जाऊन विचारण्याला. चारित्र्याच्या रकान्यात विभागाला काय लिहून द्यायचे ते पाहू. आहवेकर यांच्या सूचनेप्रमाणे कोणाचेही नाव घेऊन उभे करणार नाही.

त्या विद्यार्थिनीला मी परवा भेटले. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या काकांना वर्गात बोलवावे का, असे विचारले, तर तिने घरी फोन केला आणि दोन दिवसांनी निरोप आणला: काका बडोद्याला येणार नाहीत, पण पिकाची कामे आटोपली की एका घरी मानता फेडायची आहे, तेव्हा मॅडमनी यावे, मुलांना आणायचे असेल तर दहाच्या वर नकोत, आणि रात्रभर बसायची तयारी असावी. मोबाइलबद्दल घरधन्याला विचारून सांगतो, असेही म्हणाले.

एक व्यावहारिक अडचण उरली आहे. काकांना मानधन द्यायचे तर आमच्या कार्यालयाच्या अर्जात 'अतिथी व्याख्याता' हा एकच प्रकार असून त्यापुढे 'शैक्षणिक पात्रता' हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्यांचे शिक्षण तिसरीपर्यंत झाले आहे. इतर महाविद्यालयांत कोणी असा अर्ज मंजूर करून घेतला असेल, तर त्या रकान्यात काय लिहिले होते ते कृपया कळवावे.